भाड्याच्या घरातील अदृश्य विष : कार्बन मोनॉक्साइड, भाडेकरू आणि पाळीव प्राणी

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. स्वयंपाकाचा गॅस, कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल यांपैकी कोणतेही इंधन पुरेशा हवेअभावी अर्धवट जळले की हा वायू निर्माण होतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला गीझर कोणी बसवला आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, याची सहसा कल्पना असते. भाड्याच्या घरात नव्याने येणाऱ्याला ती नसते. आधीच्या भाडेकरूने ठेवलेले किंवा मालकाने स्वस्तात बसवलेले उपकरण तो आहे त्या स्थितीत वापरू लागतो. घरात कुत्रा, मांजर किंवा पिंजऱ्यातील पक्षी असेल, तर धोक्याची व्याप्ती वाढते. माणसे कामावर निघून गेली तरी प्राणी त्याच हवेत राहतो आणि खिडकी उघडणे त्याच्या हाती नसते.

वायूचा शरीरावरील परिणाम

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी जोडले जाण्याची ओढ प्राणवायूच्या तुलनेत सुमारे २०० ते २५० पट अधिक असते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अल्प असले तरी तो हळूहळू रक्तातील जागा बळकावतो आणि मेंदू व हृदय यांना प्राणवायू कमी पडू लागतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्राण्यांवरील प्रयोगांतून या विषबाधेचे स्वरूप उलगडले. ही प्रक्रिया माणसात आणि सस्तन प्राण्यांत सारखीच घडते.

आरंभीची लक्षणे फसवी असतात. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, थकवा ही लक्षणे सर्दी-तापाची किंवा अपचनाची वाटतात. पुढे गोंधळलेपण येते, पाय लटपटतात आणि शुद्ध हरपते. विचारशक्तीच मंदावत असल्याने बाहेर पडले पाहिजे, हे रुग्णाला सुचत नाही. गर्भवती स्त्रिया, अर्भके, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक असतो. तीव्र विषबाधेतून बचावलेल्या काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी स्मरणशक्ती व हालचाली यांच्या तक्रारी उद्भवतात.

घरात हा वायू येतो कोठून?

आपल्याकडील घरांत सर्वांत मोठा संशयित म्हणजे न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर. एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दहा-बारा किलोवॅटचा घरगुती गीझर दहा मिनिटे चालला, तर साधारण दोन घनमीटर हवेतील प्राणवायू तो वापरतो. लहान सदनिकेतील न्हाणीघराची एकूण हवा सात-आठ घनमीटरच असते. दार व खिडकी बंद असेल, तर ज्योतीला हवा अपुरी पडू लागते आणि अर्धवट ज्वलन सुरू होते. बंद न्हाणीघरात अचानक शुद्ध हरपून पडणाऱ्या रुग्णांची संख्या लक्षात घेऊन भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांच्या वैद्यकीय लेखनात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ झाली आहे.

गोव्यातील जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून हवा खेळत असे आणि न्हाणीतील चुलीचा धूर दिसत तरी असे. सरकत्या काचेच्या खिडक्या आणि वातानुकूलन असलेल्या नव्या सदनिकांत ही सोय उरलेली नाही. पावसाळ्यात वीज गेल्यावर सज्जात किंवा जिन्याखाली लावलेला जनरेटर हा दुसरा उगम. अमेरिकेतील रोगनियंत्रण संस्था जनरेटर घराच्या दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर दूर ठेवण्यास सांगते. सज्जा या अटीत बसत नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर येथे थंडीत शेगडी पेटवून खोली बंद करण्याची सवय तितकीच घातक ठरते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक मृत्युमुखी पडले, त्यात चार मुले होती.

प्राण्यांतील लक्षणे

लहान शरीर आणि वेगवान श्वसन असलेल्या प्राण्यांवर परिणाम लवकर होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॅल्डेन यांनी १८९० च्या दशकात याच कारणास्तव खाणींत लहान प्राणी नेण्याचा मार्ग सुचवला आणि कॅनरी पक्षी कोळसा खाणींचे सोबती बनले. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ मध्ये संपली व तेथे इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. घरातील लव्हबर्ड किंवा बजरीगर यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. पिंजऱ्यातील पक्षी एकाएकी दांडीवरून खाली पडणे ही गंभीर सूचना होय.

कुत्र्या-मांजरांत सुस्ती, चालताना तोल जाणे, उलटी, धाप लागणे, झटके व बेशुद्धी ही लक्षणे आढळतात. बचावलेल्या काही प्राण्यांत बहिरेपणही दिसते. हिरड्या चेरीसारख्या लालबुंद होणे हे प्रसिद्ध लक्षण प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही. ते न दिसल्याने विषबाधा नाही, असा निष्कर्ष काढू नये. घरात मलूल असलेला प्राणी फिरायला नेल्यावर ताजातवाना होतो आणि परतल्यावर पुन्हा मलूल होतो, हा क्रम अधिक बोलका आहे. माणसांची डोकेदुखीही बाहेर पडताच ओसरत असेल, तर संशय बळावतो.

भाड्याच्या घरात एक विशेष धोका संभवतो. मालकाच्या अटीमुळे किंवा फर्निचर खराब होऊ नये म्हणून कुत्र्याला दिवसभर न्हाणीघरात किंवा बंदिस्त मागच्या सज्जात ठेवले जाते. अनेकदा गॅसची उपकरणे त्याच जागी असतात.

एलपीजी गळती आणि कार्बन मोनॉक्साइड यांतील गल्लत

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एलपीजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र गॅस जळल्यानंतर तयार होतो, त्याला वास नसतो आणि त्याची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्याने तो खोलीभर पसरतो. साहजिकच एलपीजी गळती ओळखणारे सामान्य यंत्र कार्बन मोनॉक्साइडची सूचना देत नाही. ‘वास आला नाही’ या समजुतीवर विसंबून राहणे प्राणघातक ठरू शकते.

जबाबदारी कोणाची?

इंग्लंडमध्ये घरमालकाने भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे १९९८ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून राहत्या खोलीत स्थिर ज्वलन उपकरण असल्यास तेथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणेही आवश्यक झाले. त्यातून केवळ स्वयंपाकाची गॅस शेगडी वगळली आहे.

भारतात भाड्याच्या घरांसाठी अशी देशव्यापी सक्ती नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाच्या मसुद्यात दुरुस्तीच्या कामांची वाटणी केली आहे. तीत गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. हा मसुदा राज्यांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. परंतु त्यातील वाटणी एका उणिवेकडे लक्ष वेधते. गीझर कोठे बसवावा, धूर बाहेर नेणारी नळी असावी की नाही आणि भिंतीत जाळी ठेवावी की नाही, हे मालक ठरवतो. भाडेकरूला या गोष्टी बदलता येत नाहीत. प्राणी पाळणाऱ्या भाडेकरूची कुचंबणा आणखी मोठी असते. प्राण्यासह राहण्यास घर मिळणे अवघड असल्याने मिळालेले घर सुटेल या भीतीने तो तक्रार करण्यास कचरतो. म्हणून हा विषय करारावर सही होण्यापूर्वीच निकालात काढणे हिताचे असते.

घर घेताना तपासावयाच्या बाबी

• गॅस गीझर न्हाणीघराच्या आत आहे काय? असल्यास तो मोकळ्या जागी हलवून केवळ गरम पाण्याची नळी आत घेण्याची किंवा विजेचा गीझर बसवण्याची मागणी करावी.

• धूर बाहेर नेणारी नळी थेट मोकळ्या हवेत उघडते काय? दोन सदनिकांमधील अरुंद डक्टमध्ये ती सोडलेली असल्यास वायू वरच्या घरात शिरू शकतो.

• एक्झॉस्ट पंखा असला तरी ताजी हवा आत येण्यासाठी दाराखाली फट किंवा भिंतीत कायम उघडी जाळी हवी.

• ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी असणे किंवा उपकरणाभोवती काजळी दिसणे हे अर्धवट ज्वलनाचे चिन्ह आहे. मात्र निळी ज्योत ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

• उपकरणाची वार्षिक तपासणी कोण करील, खर्च कोण देईल आणि दोष आढळल्यास किती दिवसांत दुरुस्ती होईल, हे करारात लिहून घ्यावे. तक्रार संदेशाद्वारे लेखी करावी.

अलार्म : लहान उपकरण, मोठा आधार

बॅटरीवर चालणारा अलार्म भाडेकरूला भिंत न फोडता बसवता येतो आणि घर बदलताना सोबत नेता येतो. ‘यूएल २०३४’ या अमेरिकी मानकानुसार हवेत हा वायू ७० पीपीएम असताना अलार्म एक ते चार तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजला पाहिजे. ही कालमर्यादा निरोगी प्रौढ माणसाचा विचार करून आखलेली आहे. लहान पक्ष्याला तेवढा वेळ मिळेलच असे नाही. अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ लावावा, दरमहा चाचणीचे बटण दाबून पाहावे आणि उपकरणावरील मुदत संपताच तो बदलावा.

संशय आल्यास

सर्वप्रथम सर्वांनी बाहेर पडावे. वाटेतच असेल तर उपकरण बंद करावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. प्राणी हाताशी असल्यास त्याला उचलून न्यावे. तो पलंगाखाली किंवा कपाटामागे दडला असल्यास शोधत थांबू नये आणि बाहेर आल्यावर पुन्हा आत जाऊ नये. ११२ किंवा १०१ वर अग्निशमन दलास प्राणी आत असल्याचे सांगावे. आजारी माणसासाठी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असे स्पष्ट सांगणे महत्त्वाचे असते. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर या विषबाधेत खोटा दिलासा देतो. त्याला विषारी रक्त आणि प्राणवायूयुक्त रक्त यांतील फरक कळत नसल्याने आकडा सामान्य दिसतो. नेमके निदान रक्ताच्या विशेष तपासणीतून होते. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास ते काम तासा-दीड तासात होते. प्राण्यासाठीही हाच उपचार असल्याने प्राणवायूची सोय असलेल्या पशुवैद्याकडे त्याला तातडीने न्यावे. पशुवैद्याने विषबाधेची शंका व्यक्त केल्यास घरातील माणसांनीही त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. तंत्रज्ञाने दोष दूर करेपर्यंत ते उपकरण पुन्हा पेटवू नये.

प्राण्याची अस्वस्थता ही सूचना मानावी, पण त्याला अलार्म समजू नये. तो कोसळेपर्यंत वायू माणसांच्या रक्तातही भिनलेला असू शकतो. भिंतीतील उघडी जाळी, न्हाणीघराबाहेर हलवलेला गीझर आणि करारातील एक कलम यांचा खर्च थोडा आहे. घरातील माणसे आणि मुकी जनावरे या दोहोंचे रक्षण त्यांनीच होते.