ड जीवनसत्त्व : पूरक मात्रांची परिणामकारकता

ड जीवनसत्त्व हे वसाविद्राव्य (चरबीत विरघळणारे) जीवनसत्त्व असून अन्नातील कॅल्शियम व फॉस्फरस ह्यांच्या शोषणास व हाडांच्या बळकटीस ते आवश्यक असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण त्वचेवर पडल्याने ते शरीरातच तयार होते. अपुरे पडल्यास बाहेरून पूरक मात्रा देतात. तथापि तीच मात्रा सर्वांना सारखी लागू पडत नाही. ह्या तफावतीची कारणे शोधताना ह्या जीवनसत्त्वाचे कार्यही उलगडत गेले.

इतिहास : एडवर्ड मेलनबी ह्यांनी १९१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, कोंडून ठेवलेल्या व ओटच्या लापशीवर वाढविलेल्या कुत्र्यांच्या पिलांना मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो, असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की ह्यांनी पाऱ्याच्या दिव्यातील किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी केली. मॅकॉलम ह्यांनी १९२२ मध्ये तेलातील अ जीवनसत्त्व नष्ट केल्यावरही त्याचा गुण टिकतो, असे सिद्ध करून गुणकारी घटकास ‘ड’ हे नाव दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हचिसन व शाह ह्यांच्या नासिक भागातील पाहणीत, पडदा पाळणाऱ्या सधन कुटुंबांत हा विकार आढळला. उन्हात राबणाऱ्या गरिबांत मात्र तो आढळला नाही. केवळ सकस आहार पुरेसा नाही, हे त्यावरून दिसून आले.

नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या मुडदुसाचे वर्णन ऑलब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये केले. अशा काही रुग्णांत मूत्रावाटे फॉस्फेट वाया जाते, असे पुढे कळून आले. घेतलेले जीवनसत्त्व थेट कार्य करीत नाही. यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्याचे रूपांतर व्हावे लागते, हे १९६८ ते १९७१ ह्या काळात डेलुका, फ्रेझर, कोडिसेक इत्यादींच्या संशोधनाने स्पष्ट झाले. त्यामुळे ह्या इंद्रियांच्या विकारांत साध्या मात्रेचा उपयोग कमी होतो.

परिणामकारक घटक : पित्ताचा स्राव अपुरा असल्यास किंवा आतड्यात वसेचे शोषण नीट होत नसल्यास मात्रेचा काही भाग वाया जातो, म्हणून ती वसायुक्त जेवणाबरोबर घेणे हितावह असते. स्थूल व्यक्तींच्या रक्तातील प्रमाण त्याच मात्रेने कमी वाढते. फेनिटॉइन, रिफँपिसीन ह्यांसारख्या औषधांमुळे जीवनसत्त्वाचा ऱ्हास लवकर होतो. मॅग्नेशियमाच्या तीव्र न्यूनतेतही त्याचे कार्य मंदावते. आहारात कॅल्शियम नसेल, तर केवळ जीवनसत्त्व अपुरे ठरते : नायजेरियातील मुडदूस झालेल्या मुलांवर कॅल्शियमाचा उपचार नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा अधिक गुणकारी ठरल्याचे १९९९ मध्ये दिसून आले.

मात्रा व मर्यादा : मात्रा वाढविल्याने गुण वाढतोच असे नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख आंतरराष्ट्रीय एकके दिली असता त्यांचे पडणे व अस्थिभंग उलट वाढल्याचे २०१० मध्ये आढळले. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर केलेल्या चाचणीत रोज २,००० एकके देऊनही अस्थिभंग घटले नाहीत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांत मुळात न्यूनता नव्हती. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. सारांश, पूरक मात्रेचे यश तिच्या आकारापेक्षा घेणाऱ्याची मूळ न्यूनता, आहार व इंद्रियांचे आरोग्य ह्यांवर अधिक अवलंबून असते.