तिजोरीतली पुस्तकं आणि सोमाची गोळी

ऑर्वेल चुकला आणि हक्सली खरा ठरला, हे वाक्य आता व्याख्यानांतून सिद्धान्तासारखं फिरतं. मूळ मांडणी नील पोस्टमन यांची, १९८५ सालची. पूर्वपक्ष असा: ऑर्वेलला धास्ती पुस्तकांवर बंदी घालणाऱ्यांची, हक्सलीला धास्ती याची, की कुणाला पुस्तक वाचावंसंच वाटणार नाही, मग बंदी हवी कशाला? माणसं सुखापायी आपण होऊन गुलाम होतील. एवढं सांगून झालं की वक्ते मोबाइल उंचावून दाखवतात: ही आपली सोमाची गोळी, हक्सलीच्या कादंबरीत लोकांना खूश ठेवणारी ती.

पोस्टमन यांनी टीव्हीबद्दल लिहिलं ते मोलाचं आहे. पण हक्सलीचं हे वाचन मला मान्य नाही.

१९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये बंदी आहे, चांगली कडेकोट. नियंत्रक मुस्तफा माँड जीवशास्त्रावरचा एक नवा प्रबंध वाचतो. तो त्याला कल्पक वाटतो, तरी 'छापू नये' असा शेरा मारून लेखकावर नजर ठेवायला सांगतो. बायबल त्याच्या तिजोरीत कुलूपबंद आहे, शेक्सपिअर वाचायला मनाई आहे. लोकांना पुस्तकं मुळात नकोच असती, तर तिजोरी लागली कशाला?

शिवाय ते 'नको' येतं कुठून, तेही हक्सलीनं दाखवलंय. आठ महिन्यांची, डेल्टा वर्गातली बाळं. समोर गुलाब आणि रंगीत चित्रांची पुस्तकं. बाळं हरखून रांगत जातात, पानं चुरगाळतात, पाकळ्या ओढतात. तेवढ्यात सायरन, घंटांचा कल्लोळ, आणि पाठोपाठ जमिनीतून विजेचा झटका. असा धडा दोनशे वेळा. पुढे त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही, तर त्याला त्यांची आवडनिवड म्हणायचं?

आता सोम. ऋग्वेदाचं सबंध नववं मंडल त्याचं. तिथे तो यज्ञात गाळून देवांना अर्पण करायचा. हक्सलीकडे नाव तेच, पण मिळतो रेशनसारखा, काम सुटल्यावर. इस्पितळातले १६२ डेल्टा कामगार गोळ्यांसाठी गर्दी करतात. या व्यवस्थेबाहेर वाढलेला जॉन त्या गोळ्या खिडकीबाहेर भिरकावतो, दंगल उसळते, आणि पोलीस येतात ते सोमाची वाफ आणि गुंगीच्या औषधाच्या पिचकाऱ्या घेऊन. न पटणाऱ्यांसाठी दूरची बेटं आहेतच. ही सक्ती नाही तर काय आहे? उलट ऑर्वेलच्या १९४९ च्या कादंबरीत लॉटरी, स्वस्त जिन आणि यंत्रानं रचलेली गाणी आहेत. धाक आणि करमणूक दोघांच्याही पुस्तकांत एकाच सत्तेचे हात आहेत.

म्हणून मोबाइल धरणाऱ्याला सुखलोलुप ठरवणारं व्याख्यान ऐकलं की मला राग येतो. कामाचे तास कुणी ठरवले, हे त्यात कुणी विचारत नाही. आमच्या इमारतीचा रात्रीचा वॉचमन आठ ते आठ ड्यूटी करतो. पहाटे तीनला खाली उतरलो, तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, आवाज बारीक करून रील बघत होता. मीही तेच ऐकवलं, की किती बघतोस.

"झोप लागू नये म्हणून बघतो, काका," तो म्हणाला. "डोळा लागलेला दिसला, तर एजन्सीवाला दिवसाचा पगार कापतो."