बोटांची वाट आणि अक्षरांची जागा

इ. स. १६०८ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून रोमला आपल्या संघाच्या श्रेष्ठींना एक पत्र धाडले. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. परंतु युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, तेथे या लिपीसाठी सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील, ही अडचण त्यांनी त्या पत्रात मांडली. ते साचे पडले नाहीत. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले ते रोमन अक्षरांत. ओवी मराठी, वेश मात्र परका. यंत्राला थोडकी अक्षरे हवीत आणि देवनागरीजवळ ती पुष्कळ, हा तंटा इतका जुना आहे.

आज संगणकासाठी कळफलक घ्यावयाचा तर गिऱ्हाईक दुकानात कळ दाबून पाहते, ती मऊ आहे की कठीण, तिचा आवाज होतो की नाही, हे तपासते. अक्षरे अशी का बसली आहेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती जागा कोणा वैद्याने बोटांचे हित पाहून ठरविलेली नाही.

अमेरिकेतील मिल्वॉकी शहरच्या ख्रिस्तोफर लॅथम शोल्स या वृत्तपत्र-व्यवसायातील गृहस्थाने दोन साथीदारांसह १८६८ मध्ये टंकयंत्राचे पहिले स्वामित्वपत्र मिळविले. त्याच्या कळा बाजाच्या पेटीसारख्या होत्या. पुढे पाच वर्षे तो अक्षरांची जागा पुन्हा पुन्हा बदलीत राहिला. १८७३ मध्ये बंदुका आणि शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याशी करार झाला आणि १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले. त्यावर केवळ मोठी अक्षरे उमटत. दोन्ही प्रकारची अक्षरे देणारी जोडकळ १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात आली. वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय असा क्रम तोवर बसून गेला होता. शेजारशेजारचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ही मांडणी केली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. जपानी संशोधकांनी अलीकडे तिच्यावर शंका घेतली असून, तारायंत्रावरील संदेश उतरवून घेणाऱ्यांच्या सोयीचा त्यात वाटा होता, असे त्यांचे म्हणणे आहे. कोणतेही कारण खरे धरले तरी दहा बोटांचा विचार त्यात नव्हता, कारण दहा बोटांनी न पाहता लिहिण्याची विद्या तेव्हा जन्मलीच नव्हती.

ती विद्या यंत्रामागून आली. सिनसिनाटी येथील श्रीमती लाँगली या शिक्षिकेने १८८२ मध्ये सर्व बोटे वापरण्याचे धडे छापले, तेव्हा जाणत्यांनी ते हसण्यावारी नेले. १८८८ च्या जुलैमध्ये त्याच शहरी सामना ठरला. एका बाजूला सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयातील लघुलेखक फ्रँक मॅकगरिन. दुसऱ्या बाजूला लुई ट्रॉब, ज्यांच्या यंत्रावर लहान आणि मोठ्या अक्षरांना निराळ्या कळा होत्या. मॅकगरिन यांची नजर कागदावरून हलत नव्हती. ट्रॉब यांना कागदाकडून कळांकडे आणि कळांकडून कागदाकडे मान फिरवावी लागे. मॅकगरिन जिंकले. जिंकली ती वास्तविक त्यांची पाठांतराची रीत. परंतु लोकांनी हातातल्या रेमिंग्टन यंत्रालाही विजयाचा मान दिला, आणि टंकलेखनाच्या शाळा तीच मांडणी शिकवू लागल्या.

सिअ‍ॅटलच्या ऑगस्ट ड्वोरॅक या प्राध्यापकांनी १९३६ मध्ये दुसरी मांडणी पुढे आणली. सर्व स्वर डाव्या हाताखालच्या मधल्या ओळीत आणि नेहमीची व्यंजने उजवीकडे, अशी ती होती. १९५६ च्या सरकारी चाचणीत तिचा विशेष लाभ दिसला नाही. तिच्या गुणांवर अर्थशास्त्रज्ञ पुढेही भांडत राहिले. टंकलेखक मात्र जुन्या कळा बडवीत राहिले. मनगटे बाहेर वळवून बसण्याचा त्रास जर्मनीत क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच लिहून ठेवला होता आणि फलक मधून दुभंगावा असे सुचविले होते. तसे दुभागलेले, कललेले फलक पेढ्यांवर सर्रास मिळू लागले ते शेवटच्या दशकात. आणि अजूनही कळांच्या ओळी एकाखाली एक सरळ नसून तिरक्या सरकलेल्या असतात. खाली दांड्यांना वाट हवी होती म्हणून! दांडे गेले, वाट राहिली.

देवनागरीची कहाणी याहून बिकट. सुमारे पंचेचाळीस कळा, त्यांवर नव्वदेक चिन्हे, एवढ्यात बाराखडी आणि जोडाक्षरे बसवायची. तेव्हा यंत्रकारांनी अक्षरांचे तुकडे केले. रेमिंग्टन वळणाच्या फलकावर ‘भारत’ लिहिताना आधी अर्धा भ, मग त्याचा दंड, मग काना, मग र आणि त, असे पाच ठोके पडतात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, क मागाहून. जिभेवर क पहिला, बोटांवर वेलांटी पहिली. डोळ्यांना दिसते त्या क्रमाने लिहिणारी ही पद्धत होती आणि कचेऱ्यांतील असंख्य टंकलेखकांनी ती अशी आत्मसात केली की तिचे कौतुकच करावे. तिला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल.

संगणकाला तुकड्यांची गरज उरली नाही. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी प्रमाण ठरविली. स्वरचिन्हे डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या. क च्या कळेवरच जोडकळेसह ख, ग वर घ, त वर थ. वर्णमाला ज्याने शाळेत म्हटली त्याला अर्धा फलक पाठच असतो. ‘भारत’ चार ठोक्यांत होतो, आणि वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनामागून येते. शिवाय कन्नड, तेलुगू, गुजराती यांचा क त्याच कळेवर असतो. बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथील दुभाषी मुलांना याचे मोल मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा अधिक कळावे. उणीवही आहे. मराठीत पदोपदी लागणारे ळ आणि ण जोडकळ दाबल्यावाचून उमटत नाहीत, आणि तो भार सर्वांत दुबळ्या करंगळीवर येतो. मांडणी अखिल भारतीय, तेव्हा ‘बाळ’, ‘पाणी’, ‘कळवळा’ लिहिणाऱ्याचे दुखणे कोणी फारसे मोजले नसावे.

तरीही नव्याने शिकणाऱ्याने हीच वाट धरावी. ज्याचे हात रेमिंग्टनवर वीस वर्षे मुरले आहेत, त्याला ती सक्तीने सोडावयास लावू नये. आता रोमन अक्षरे बडवून मराठी उमटविण्याची तिसरी तऱ्हा तरुणांत फैलावली आहे. तीत बोटे ‘के’ शोधतात आणि पडद्यावर क येतो. स्टीफन्स यांच्यापुढे इलाज नव्हता. या मुलांपुढे आहे.

कोणताही फलक घेतला तरी त्यावर दोन कळांना लहानसे उंचवटे असतात, एफ आणि जे. न पाहता लिहिणारा तर्जन्या तेथे टेकवून आपली जागा ओळखतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्या दोन कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि र आहेत. हिंदी टंकलेखकांच्या हातात रुळलेल्या रेमिंग्टन मांडणीतही त्याच दोन कळांवर तीच दोन चिन्हे आहेत.