पंधरा बाइटांतला वर्धा जिल्हा

देवनागरीच्या सुधारणेच्या इतिहासात वर्ध्याला स्वतंत्र स्थान आहे. १९३६ साली येथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने काका कालेलकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी छपाईत वापरली, ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांच्याऐवजी ‘अि’, ‘अु’, ‘अे’. छपाईचे खिळे आणि टंकयंत्राच्या कळा कमी लागाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. लिपी यंत्राच्या मापात बसवण्याचा तो प्रयत्न उघड होता, म्हणून त्याला विरोधही करता येत होता.

संगणकात अशी मापे मुकाट्याने लागू होतात. एकाच प्रोग्रॅममध्ये कामाचे अनेक धागे, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी चालतात. युनिक्सच्या परिवारासाठी १९९५ साली ठरलेल्या पॉसिक्स प्रमाणकात धाग्याला ओळखचिन्ह होते, नाव नव्हते. लिनक्सने २००४ साली प्रोग्रॅमला स्वतःच्या धाग्याचे नाव ठेवण्याची आणि २००५ साली ते परत वाचण्याची सोय केली. मात्र नावासाठी जागा १६ बाइटांचीच, आणि त्यांतला एक समाप्तिचिन्हाचा. उरले १५.

रोमन लिपीचे १५ बाइट म्हणजे १५ अक्षरे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा हलन्त, ३ बाइट घेते. म्हणजे आपल्या वाट्याला फक्त ५ चिन्हे येतात.

समजा, एका प्रोग्रॅममध्ये वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांसाठी आठ धागे आहेत. वर्धा, देवळी, आर्वी, आष्टी ही नावे नेमकी मावतात. सेलूला तर एक घर शिल्लक राहते. पण नाव परत मागितले, की कारंजाचे ‘कारंज’ होते, हिंगणघाटचे ‘हिंगण’ आणि समुद्रपूरचे ‘समुद्’. रोमन लिपीत ही आठही नावे सहज बसतात.

२०१० पासून ग्लिबसी या लायब्ररीत ‘पीथ्रेड_सेटनेम_एनपी’ आणि ‘पीथ्रेड_गेटनेम_एनपी’ ही फलने आहेत. त्यांतले पहिले लांब नाव नाकारते आणि तशी चूक कळवते. जुनी पद्धत मात्र काहीही न सांगता नाव छाटते. छाटलेला भाग पुन्हा मिळत नाही. म्हणून पूर्ण नाव प्रोग्रॅमने स्वतःच्या नोंदीत, धाग्याच्या क्रमांकासमोर, जपून ठेवावे हे बरे.

प्रोग्रॅम कोलमडला, की कोणता धागा काय करत होता, हे शोधताना ही नावेच साक्षीदार ठरतात. पोथीतला लेखनदोष पाठभेदांवरून ओळखता येतो, कारण दुसरी प्रत असते. येथे दुसरी प्रत आपण आधीच ठेवली नसेल, तर ‘समुद्’ हाच मूळ पाठ ठरतो.