'पाटलीण' आणि 'सरपंच': दोन पदनामांचा इतिहास

ग्रामसत्तेतील स्त्रीच्या स्थानाचा विचार आपण बहुधा अधिनियमांपासून आरंभितो. परंतु पदनामे हीदेखील इतिहासाची साधनेच होत.

'पाटील' हा शब्द शिलालेखांतील 'पट्टकिल' या रूपापासून आला, असे सामान्यतः मानतात. 'पाटलीण' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप अधिकार दर्शवीत नाही, विवाह दर्शविते. 'मास्तरीण' स्वतः शिकविणारी असू शकते, पाटलिणीस ती सोय नव्हती. यास कायद्याचाही हात लागला. मुंबई इलाख्यात १८८६ च्या पाचव्या अधिनियमाने, शेवटच्या पुरुष वतनदाराच्या विधवेखेरीज वतनदार घराण्यातील इतर स्त्रियांचा वारसाहक्क पात्र पुरुषांच्या मागे ढकलला. महसुली पाटलाचे पद १९६२ च्या अधिनियमाने रद्द झाले; शब्द मात्र आडनावांत उरला.

'सरपंच' या शब्दात फारसी 'सर' आणि संस्कृत 'पंच' एकत्र आले आहेत. त्याचे 'सरपंचीण' असे रूप रूढ झाले नाही, आणि हे इष्टच झाले. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने पंचायतींत दोन स्त्रिया स्वीकृत करून घेण्याची शिफारस केली; त्या स्त्रिया व बालके यांच्या कार्यात रस घेणाऱ्या असाव्यात, ही अपेक्षा. म्हणजे जागा मिळाली ती कृपेने, आणि कार्यक्षेत्रही आधीच आखून. पुढे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८९ च्या सुमारास केवळ स्त्रियांची पॅनेले उभी केली. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्याचे ठळक उदाहरण. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, तीनुसार किमान एकतृतीयांश जागा व सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले.

याच काळात 'सरपंचपती' हा समास प्रचारात आला. विवाहदर्शक पदनाम आता पुरुषाकडे गेले. फरक इतकाच, की पाटलीण पतीकडून मान घेई, सरपंचपती पत्नीकडून कारभार घेतो. ग्रामसभेपूर्वी महिला सभा, राखीव पदावरील स्त्री सरपंचाविरुद्ध अविश्वासास तीनचतुर्थांश बहुमत, हे आधार उपयुक्त खरे. पण आरक्षण फिरते असल्याने, पाच वर्षांत कारभार शिकलेल्या स्त्रीस पुढल्या सोडतीत ती जागा राखीव सापडेलच असे नाही. माझ्या मते व्यवस्थेतील दुबळा दुवा हाच.

संशोधकाची अडचण निराळीच आहे. इतिवृत्तात 'सरपंच यांनी सांगितले' अशी रचना असते. या प्रयोगात क्रियापद कर्त्याचे लिंग पाळीत नाही. तेव्हा सभेत प्रत्यक्ष कोण बोलले, ती की तिचा पती, हे त्या वाक्यावरून कळत नाही. त्यासाठी सभेस हजर असलेल्या बायांनाच विचारावे लागते.