अडसराला खांदा द्या

कर्नाळ्याची शेवटची चढण आली की घटकाभर डोळे मिटा. खालचा मुंबई-गोवा महामार्ग गप्प होईल. आता उघडा. गड 1670 साली मराठ्यांकडे परत आला, त्याला थोडीच वर्षं झालीत. वैशाखाचं ऊन आहे. कातळ इतका तापलाय, की हात टेकवत नाही. डोक्यावर अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या कपारींत आग्या मोहोळं लोंबतायत. इथे हळूच बोला.

दरवाजात मात्र गलका आहे. भाताची पोती, गवताचे भारे, ओल्या कातड्याच्या पखाली आणि घामाने भिजलेल्या घोंगड्यांचा दर्प. "हवालदार आले!" कुणीतरी ओरडतं आणि तुमची नजर चौकातला पोलीस शोधू लागते. येतो तो गडाचा मुख्य अधिकारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळे वाकून मुजरा करतात. तुम्हीही करा.

मग तुमच्या पाठीवर पोतं येतं. "कारखान्यात टाक!" तुम्हाला तळोज्याची धुराडी आठवतात. इथे कारखाना म्हणजे सरकारी खातं आणि त्याचं कोठार. अंबारखाना, तोफखाना, नगारखाना, सगळे कारखानेच. अंबारखान्यात काळोख आणि गारवा. नाकात भाताचं कूस जातं, शिंक येते. पोत्यांचा हिशेब ठेवतो तो कारखानीस, माणसांची हजेरी मांडतो तो सबनीस. शाळेच्या हजेरीत ऐकलेली ही आडनावं इथे मोडीत लिहितायत, बोटं शाईने काळी करून.

दिवस कलतो. पनवेलच्या खाडीकडून खारा वारा येतो. दिवट्या पेटतात, जळक्या तेलाचा वास पसरतो. दरवाजाची फळी करकरत मिटते. "अडसर घाला!"

भिंतीतल्या खोबणीतून एक अख्खा लाकडी वासा बाहेर ओढतात. चार जण लागतात, आज पाचवे तुम्ही. खांदा द्या. लाकूड तेलकट, गुळगुळीत, हातांनी झिजलेलं. ते सरकतं, समोरच्या खोबणीत धडकन बसतं आणि हादरा दातांपर्यंत जातो. बाहेरच्या रानातलं कुणीही आता आत येणार नाही. आतली लेकरं निवांत झोपतील.

उद्या कचेरीत कुणी म्हणेल, "कामात अडसर आला." तेव्हा तुमचा हात नकळत उजव्या खांद्याकडे जाईल.