वाढ विकत घेतां येते काय?

मनुष्याच्या मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचा वृद्धिस्राव बाळपणीं अपुरा पडला तर मूल खुजें राहतें. हा स्राव बाहेरून देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास फार मागचा नव्हे. पण त्यांत जितकें यश आहे तितकाच इशाराही आहे, असें आम्हांस वाटतें.

मधुमेहावरील इन्सुलिन गुराडुकरांपासून मिळालें. वृद्धिस्राव मात्र जनावरांचा घेऊन माणसास उपयोग होईना. १९५६ सालीं चोह हाओ ली यांनीं मानवी स्राव वेगळा काढला, व १९५८ सालीं बोस्टनच्या मॉरिस राबेन यांनीं तो टोचून एका मुलाची वाढ सुरू झाल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु हें औषध प्रेतांच्या मस्तकांतूनच काढावें लागे. शेंकडों ग्रंथी एकत्र वाटून तें तयार होई, आणि गरजू मुलांपैकीं थोड्यांनाच मिळे.

ज्यांना मिळालें तीं मुलें भाग्यवान समजलीं गेलीं. १९८५ सालीं त्यांच्यापैकीं कांहीं जण ऐन तारुण्यांत क्रूट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगानें दगावल्याचें अमेरिकेंत उघडकीस आलें. एखाद्या मृताच्या ग्रंथींतील दोष साऱ्या घाण्यांत मिसळला होता, व तो शरीरांत वर्षानुवर्षें दबा धरून बसला होता. पुढें एकट्या फ्रान्समध्यें अशा बळींची संख्या शंभरावर गेली. आईबापांनीं मोठ्या आशेनें टोचविलेलें औषधच काळ ठरलें!

सुदैवानें दुसरी वाट तयार होत होती. १९७९ सालीं कॅलिफोर्नियांतील जेनेंटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं साध्या जंतूकडून मानवी वृद्धिस्राव करवून घेतला, आणि १९८५ सालींच त्यास अमेरिकेंत परवानगी मिळाली. हा स्राव यकृताकडून इन्सुलिनसदृश असा दुसरा एक वृद्धिघटक निर्माण करवितो, व तो हाडांच्या टोकांशीं असलेली कूर्चा वाढवितो. सत्तर अमिनो आम्लांच्या या घटकाची रचना १९७८ सालीं उलगडली. तो ज्यांच्या शरीरांत नीट तयारच होत नाहीं, अशा मुलांसाठीं त्याचें कृत्रिम रूप २००५ सालीं मान्य झालें. त्यानेंही रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं शकते.

प्रेतांची गरज संपली, टंचाई संपली, आणि मोह सुरू झाला. बळासाठीं निरोगी तरुण हीं द्रव्यें टोचून घेऊं लागले. १९८९ सालीं ऑलिंपिक समितीस वृद्धिस्रावावर बंदी घालावी लागली. वाढीचें वय सरल्यावर उंची तर वाढत नाहीं. अतिरेकानें हातपाय व जबडा मात्र जाड होतात, हृदयावर ताण येतो, मधुमेह जडतो. औषध निर्दोष करणें शास्त्राच्या हातीं होतें, व शास्त्रानें तें केलें. त्याची गरज कोणास आहे, हें ओळखण्याचा विवेक मात्र जंतूंच्या कुंडांत तयार होत नाहीं; तो आपल्या घरांतूनच आला पाहिजे.